एका त्रस्त रहिवाशाचा वास

चौतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी निनावी चिठ्ठ्या लिहिणारी निदान दोनशे मुलं पकडली होती. त्यामुळे स्वतः निनावी अर्ज लिहायची वेळ आली, तेव्हा काय काय करायचं नसतं हे त्यांना तोंडपाठ होतं. अर्ज डाव्या हातानं लिहिला. कागद घरातल्या वहीचा न घेता दुकानातून सुटा आणला. आणि शुद्धलेखनावरून आपण ओळखू येऊ म्हणून मजकुरात मुद्दाम दोन चुका केल्या. अर्ज वीस मिनिटांत झाला. त्या दोन चुका करायला पाऊण तास लागला. पेन कागदाला टेकायचं, हाताला घाम फुटायचा, पेन पुन्हा वर यायचं. शेवटी डोळे मिटून दोन वेलांट्या उलट्या दिल्या आणि खाली लिहिलं, 'एक त्रस्त रहिवासी'.

अर्ज गिरकीविरुद्ध होता. गिरकी ही दुसऱ्या मजल्यावरची कुत्री. आणि दुसऱ्या मजल्यावर राहायच्या स्वतः बाई.

लेकाची बदली झाली आणि नव्या जागी कुत्रं चालत नव्हतं, म्हणून तो गिरकीला 'दोनच महिने' आईबापाकडे सोडून गेला. त्याला आता आठ महिने झाले होते. एवढ्या अवधीत गिरकीनं सोफ्याचा डावा हात, बाईंच्या चपलांचे तीन जोड आणि शब्दकोशाचा पहिला खंड 'ख'पर्यंत संपवला होता. लिफ्ट वर आली की ती भुंकायची, खाली गेली की 'गेली का' म्हणून भुंकायची. टपालकाका, म्हणजे बाईंचे यजमान, तिला रोज पाच किलोमीटर चालवून आणत. परत आल्यावर काका आडवे होत आणि गिरकी सोफ्याच्या उजव्या हाताकडे वळे.

मग नवऱ्याला सरळ का नाही सांगायचं? सांगता येत नव्हतं, हीच तर अडचण होती. काकांनी छत्तीस वर्षं टपालाची छाननी केली होती. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. गिरकी आली आणि माणूस खुर्चीतून उठला. आता त्याच्या तोंडावर 'कुत्री घालवा' म्हणायचं, त्यापेक्षा इमारतीनं म्हटलेलं बरं. आपण फक्त मान हलवायची, वाईट वाटल्यासारखं करायचं आणि शब्दकोश नवा आणायचा.

अर्ज सेक्रेटरींच्या पेटीत पडला. हे गृहस्थ जागेपणी नियमात बोलत, आणि त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे झोपेत पोटनियमात. बाईंची अपेक्षा होती, की ते एखादं समजपत्र देतील. त्यांनी सभाच लावली. फलकावर सूचना झळकली: तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी दहाला, दुसऱ्या मजल्यावरील श्वान इमारतीत राहावे की जावे यावर निर्णय.

काकांनी सूचना दोनदा वाचली, वर आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

"कोण असेल गं?"

"कुणाला ठाऊक," बाई म्हणाल्या आणि चहा उतू गेला.

"त्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरावर माझा संशय आहे. सारखा हसतो."

"अहो, त्यांचा धंदाच आहे तो."

"मिळू दे तर खरा," काका म्हणाले. "गिरकीला घरातून काढायला निघालाय. घरातून."

दुसऱ्या दिवशी गिरकीला शिस्त कशी लावायची हे विचारायला काका तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले, तेव्हा बाईही बरोबर गेल्या. चोराच्या मनात चांदणं असतं, पण ते बरेचदा दुसऱ्याला सोबत करायच्या कामी येतं.

डॉक्टर म्हणजे तिशीची, हातावर ओरखडे असलेली एक मुलगी. तिनं गिरकीला तपासायला तीन वेळा टेबलावर चढवलं आणि चौथ्यांदा स्वतःच जमिनीवर बसली.

"किती चालवता?"

"पाच किलोमीटर," काका अभिमानानं म्हणाले.

"म्हणजे तुम्ही तिची तालीम घेताय. तिचे पाय नका दमवू काका, डोकं दमवा. हिच्या आज्या-पणज्या दिवसभर मेंढ्या वळायच्या. तुम्ही निवृत्त झालात, ती झालेली नाही. तिला नोकरी द्या."

"कसली नोकरी?"

"नाकाची. खाऊ ताटलीत वाढू नका, शोधायला लावा. टॉवेलात गुंडाळा, वाटीखाली ठेवा. पंधरा मिनिटं नाक चाललं, तर तासभर पळाल्यासारखी दमेल."

काका घरी आले ते पळतच. त्यांनी एक जुना टॉवेल घेतला, आत बिस्किट ठेवलं, गुंडाळी केली, तिला टपालाच्या पोत्याला मारतात तशी गाठ मारली, वर दोरी बांधली आणि गिरकीपुढे ठेवली. गिरकीनं वास घेतला, एकदा भुंकली आणि टॉवेल खाल्ला. बिस्किट तेवढं राहिलं.

बाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. मधे पडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. कुत्री नापास होणं हे त्यांच्याच तर सोयीचं होतं. पण समोर कुणी इतकं वाईट शिकवत असताना गप्प बसायचं, म्हणजे चौतीस वर्षांची नोकरी पाण्यात.

"पहिल्याच तासाला भागाकार?" त्या म्हणाल्या. "सरका."

त्यांनी एकच वाटी घेतली. गिरकीच्या डोळ्यांदेखत गाजराचा उकडलेला तुकडा ठेवला आणि वाटी पालथी घातली, तीही अर्धीच, कड उघडी ठेवून. गिरकीनं नाकानं ढकललं, वाटी सरकली, गाजर मिळालं.

"हे काय, हे तर कुणालाही येईल," काका म्हणाले.

"तेच पाहिजे. पहिलं उत्तर बरोबर आलं, की पुढचं गणित पोर स्वतः मागतं."

मग वाटी पूर्ण पालथी. मग दोन वाट्या. मग तीन, आणि गाजर मधलीखाली. गिरकी पहिल्या वाटीवर थांबली, नाक वर गेलं, दुसरीवर आलं, आणि तिच्या सगळ्या अंगाला एकदम कळलं. शेपटीला आधी, मग पाठीला, मग कानांना. पंजानं वाटी उडाली, ती थेट दिवाणाखाली गेली. "बघितलंत?" बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज चढलाय हे त्यांच्या लक्षात आलं. "तिसरीकडे बघितलंसुद्धा नाही तिनं."

"अजून एकदा," काका म्हणाले.

"नाही. ताट भूक असतानाच उचलायचं."

गिरकी त्या दुपारी झोपली. अशी झोपली, की लिफ्ट दोनदा वर-खाली झाली तरी कान हलला नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच घरात घड्याळाचा आवाज ऐकू आला. बाईंना इतकी शांतता सोसेना. त्यांनी दोनदा जाऊन गिरकीच्या नाकापुढे हात धरून बघितला. श्वास चालू होता.

आठवडाभरात वाट्या सहा झाल्या आणि टॉवेलला घडीवर घडी आली. खाऊपुढे बसवून 'थांब' म्हटलं की गिरकी थांबायला लागली. थांबताना तिच्या मिशा थरथरायच्या आणि बाईंचा श्वास अडकायचा. सोफ्याचा उजवा हात शाबूत होता. बाई पहाटे उठून आजचा धडा काय घ्यायचा याचा विचार करायच्या. एकदा त्यांनी नियोजन काढलं, वहीत, तीन रकान्यांत. वही मिटताना त्यांना आपला अर्ज आठवला आणि त्यांनी वही उशीखाली सरकवली.

दुसऱ्या आठवड्यात काकांच्या डोक्यात किडा वळवळला. "अगं, हिचं नाक माझ्यासारखं आहे. हिला छाननीला बसवू." त्यांनी दोघांचे मोजे काढले, दोघं खोलीच्या दोन टोकांना बसले. एक मोजा गिरकीच्या तोंडात द्यायचा, 'कुणाचं?' विचारायचं, आणि तिनं तो ज्याचा त्याला पोचवून समोर बसायचं. पत्ता नसलेलं टपाल वासावरून पोचवायचं, असा हा खेळ.

पण देणाऱ्याच्या हाताचा वास मोज्यावर ताजा असायचा. काकांनी बाईंचा मोजा दिला, की गिरकी फिरून तो काकांनाच परत द्यायची. चार दिवस हेच.

"देणाऱ्याचा वास वजा करायचा, हे तिला कसं सांगणार?" काका हताश झाले.

"वजाबाकी सांगून येत नाही, चुकून येते," बाई म्हणाल्या. "देणाऱ्याकडे आणला तर रागवायचं नाही, द्यायचंही काही नाही. मख्ख बसा. तुम्हाला जमेल."

पाचव्या दिवशी काकांनी बाईंचा मोजा दिला आणि मख्ख बसले. गिरकी त्यांच्याकडे वळली. थांबली. मोज्यावर जिभेनं काहीतरी तपासलं, खोलीच्या मध्यावर उभी राहिली, एक कान वर, एक खाली. आणि मग निघाली. बाईंकडे. नखं फरशीवर टकटकत, पाठ सरळ, एखादं तातडीचं पत्र घेऊन आल्यासारखी आली, समोर बसली आणि मोजा मांडीवर ठेवला. बाईंच्या अंगावर काटा आला. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले ते बसायचं विसरले. साठी उलटलेली दोन माणसं आणि एक कुत्री त्यानंतर पाच मिनिटं खोलीत नुसती गोल गोल फिरत होती, आणि यात गिरकी सगळ्यांत शांत होती.

मग काय, इमारतच कामाला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या बेकरीवाल्यानं रुमाल दिला, चौथ्यावरच्या शिंपीणबाईंनी मोजपट्टी, दातांच्या डॉक्टरांनी हसत हसत हातमोजा. गिरकी जिने चढायची, दारापुढे बसायची, दार उघडलं की टपाल पायाशी ठेवायची. बेकरीवाला म्हणाला, "कुरिअरवाल्यापेक्षा बरी. ही निदान खाली थांबून फोन करत नाही."

बाई मात्र आता रात्री कूस बदलत होत्या. करायला गेले एक आणि आपल्याच पायावर धोंडा. त्या सेक्रेटरींकडे गेल्या.

"एक सहज विचारते. असा निनावी अर्ज मागे घेता येतो का हो?"

"येतो. अर्जदारानं समक्ष हजर राहून, सभेपुढे."

"आणि अर्जदार लाजला तर?"

"तर अर्ज जिवंत. निनावी अर्ज मीसुद्धा मागे घेऊ शकत नाही, कारण तो माझा नाही." त्यांनी कपाटातून एक बंद पाकीट काढून दाखवलं. "आल्या दिवशी चिमट्यानं आत ठेवलाय. पुरावा आहे. कुणाचा हात लागू दिला नाही." बाईंना दिसलं, की या माणसानं त्यांचा घाम तीन आठवडे जपून ठेवलाय.

सभेच्या दिवशी सकाळी काका दाढी करता करता गुणगुणत होते.

"सेक्रेटरी म्हणाले, कुत्री उपयोगी आणि शिस्तीची आहे असं म्हणता, तर सभेपुढे सिद्ध करा. सिद्ध झालं तर राहील, नाहीतर अर्ज मंजूर. मी म्हटलं, करतो. आणि ऐक, त्यांना म्हटलं, तो अर्जच द्या तिच्या तोंडात. ज्यानं लिहिला त्याच्यापुढे नेऊन बसेल. एका दगडात दोन पक्षी. कशी आहे कल्पना?"

बाईंच्या हातातली बशी हातातच राहिली.

"अशी का बघतेस? चुकणार नाही ती. तूच शिकवलंयस."

हेच तर. बाई आत गेल्या, दार लावलं आणि बामाची डबी उघडली. आधी हातांना लावला, मग दंडांना, मग मानेला. मग धीर सुटला आणि गुडघ्यांपर्यंत गेल्या. अर्धी डबी संपली. बाहेर आल्या तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय दुखतंय गं?"

"सगळंच," बाई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं.

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बावीस माणसं आली होती. एरवी पाण्याच्या टाकीवर सभा असली, तरी सात येत. बाईंच्या शेजारच्या दोन खुर्च्या बामामुळे आपोआप रिकाम्या झाल्या.

काका गिरकीला घेऊन मधे उभे राहिले. पहिला बेकरीवाल्याचा रुमाल. गिरकीनं नाक फिरवलं आणि आठ सेकंदांत रुमाल त्याच्या बुटांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दातांच्या डॉक्टरांचा हातमोजा. ती गेली, बसली, दिला. डॉक्टर हसले. काकांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं, म्हणजे 'थांब, आता कळेल'.

सेक्रेटरींनी पाकीट फोडलं, चिमट्यानं अर्ज काढला आणि गिरकीपुढे धरला. हॉलमध्ये एकदम इतकी शांतता झाली, की गिरकीच्या नाकाचा आवाज ऐकू आला. सुक, सुक, सुक.

"गिरकी, कुणाचं?"

ती निघाली. वर्तुळाच्या कडेनं, पाय उचलत, अर्ज दातांत अलगद धरून. शिंपीणबाई, पुढे. बेकरीवाला, पुढे. डॉक्टर. काका चवड्यांवर उभे राहिले. डॉक्टरही पुढे. बाईंपुढे आली, थबकली, तिच्या नाकपुड्या फुलल्या आणि ती जोरात शिंकली. अर्ज पडला. तिनं उचलला आणि पुढे गेली. बाईंनी श्वास सोडला. वाचले.

गिरकीनं वर्तुळ पुरं केलं आणि मधे येऊन उभी राहिली. एक कान वर, एक खाली. बाईंना ती उभी राहण्याची तऱ्हा ठाऊक होती. ती वजाबाकी करत होती. बाम वजा. चिमटा वजा. पाकीट वजा. बाईंच्या छातीत धडधडायला लागलं, आणि त्यांचं त्यांनाच कळेना की ही धडधड 'नको गं' अशी आहे की 'येतंय, येतंय, जमेल' अशी.

गिरकी वळली. सरळ आली आणि बाईंच्या समोर बसली.

"अगं, नाही," काका म्हणाले. "ही आपली. पुढे जा. कुणाचं?"

ती उठली, एक फेरी मारली, परत आली, बसली.

"चुकतेय," काकांचा आवाज उतरला. "घरचा वास आहे म्हणून येते. गिरकी, नाही. नाही म्हटलं ना."

ती तिसऱ्यांदा उठलीच नाही. नुसती काकांकडे बघत राहिली. मग बाईंकडे. दोन्ही कान खाली आले. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. "नोंद करतो. प्रयोग अयशस्वी."

गप्प बसलं तर सुटका होती. कुत्री जाईल, गुपित राहील, शब्दकोश नवा येईल. पण बाईंना समोर कुत्री दिसतच नव्हती. बरोबर उत्तर लिहून ज्याला 'खोडून टाक' सांगितलं जातंय, असं शेवटच्या बाकावरचं पोर दिसत होतं. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाचं बरोबर उत्तर चूक दिलं नव्हतं. सेक्रेटरींच्या पेनाची निब कागदाला लागायच्या आत त्यांनी हात पुढे केला.

"दे."

गिरकीनं अर्ज त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनी कनवटीचा चीजचा तुकडा काढून तिला दिला, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि वर्गात म्हणायच्या तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शाबास. बरोबर आहे तिचं."

कुणाला काहीच कळलं नाही. मग एकेकाला कळत गेलं. शेवटी काकांना कळलं.

"अर्जदार समक्ष हजर आहे," बाई सेक्रेटरींना म्हणाल्या. "अर्ज मागे घेतला. आणि त्यातल्या दोन चुका मुद्दाम आहेत, हेही नोंदवा."

सेक्रेटरींनी नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. "तक्रार नाही म्हणजे विषय नाही. विषय नाही म्हणजे सभा नाही," ते दुःखानं म्हणाले. "कुत्री राहते." बेकरीवाल्यानं पहिली टाळी वाजवली. मग कोण थांबतंय. गिरकी टाळ्यांवर भुंकायला लागली आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

काकांनी मात्र पट्टा हातात घेतला आणि बाईंकडे न बघता जिना चढायला लागले. गिरकी मधे, बाई मागे. पहिला मजला गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांची पाठ थांबली.

"डाव्या हातानं लिहिलास?"

"हो."

"माझ्याशी बोलता येत नव्हतं?"

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत बसाल, अशी भीती वाटली."

काकांनी पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"बाम किती लावलास?"

"अर्धी डबी."

"अर्धी डबी," काका म्हणाले आणि पायरीवर बसले. "अगं, तीन आठवड्यांचा जुना वास, वर पाकीट, चिमटा, बावीस माणसं, आणि अर्ध्या डबीच्या आतून तिनं तुला काढलं? आमच्या खात्यात असा माणूस नव्हता गं. मीसुद्धा नव्हतो."

"मी सांगत होते ना, तिला वजाबाकी येते म्हणून."

"पूर्ण डबी लावून बघायचं?"

"आधी माझ्याशी भांडून घ्या," बाई म्हणाल्या. "मनात ठेवू नका."

"भांडतो की. चांगलं दोन दिवस भांडतो." काका उठले आणि खिशात किल्ली शोधायला लागले. "पण आधी डबी कुठे आहे ते सांग."